कस्तुराकाकूची बिनतारी घंटी

कस्तुराकाकूच्या आखाड्यावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती म्हशीशी बोलत होती. म्हशीला सांगितलेलं सगळं मला उद्देशून आहे, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

"बघ गं चंद्रे," म्हैस पिळता पिळता ती म्हणत होती, "आता आपल्या बी गळ्यात घंटी बांधायलेत. तुझ्या एकटीची वाजून भागंना झालीय म्हणं."

मी बन्सीधर. झरीच्या बसथांब्याजवळ माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. रेडिओ, पाण्याच्या मोटरीचे स्टार्टर, आणि पुढं पुढं टीव्ही. काम शिकलो हैदराबादेत, कोठीच्या एका उस्तादाच्या हाताखाली. तिथून हुन्नर आणला आणि उस्तादाचा तापट स्वभावही आणला. गिऱ्हाईक उगाच वाद घालायला लागलं की माझ्या जिभेला हाड राहत नाही. पण कस्तुराकाकूपुढं माझं काही चाललं नाही. तिला तापट माणसाची भीती वाटत नसे, कारण तिचा नवरा माझ्यापेक्षा तापट होता आणि शेजारच्या आखाड्यावरची धुरपताबाई त्या नवऱ्यापेक्षा.

आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. काकूचा आखाडा गावापासून चांगला आत होता. दगडमातीच्या दोन खोल्या, पुढं छपरी, दारात लिंब, लिंबाखाली चंद्री. नवरा वारल्यापासून ती तिथं एकटीच राही. मुलगा माणिकराव औरंगाबादला शाळेत मास्तर. सून चांगली, नातवंडं गोड, घरात नळ. तरी काकू तिकडं गेली की आठवड्याच्या आत म्हशीचं निमित्त काढून एसटीत बसायची.

"तिथं मला काय काम हाय?" ती म्हणायची. "सकाळी उठायचं आन् दिवसभर कुणाला तरी दिसत बसायचं. हितं मी बघती. तिथं मलाच सगळे बघतेत."

त्या पावसाळ्यात ती विहिरीजवळच्या पाटात घसरून पडली. पाय मुरगळला आणि वर दम्याची उबळ आली. हाक मारावी तर घशातून आवाज निघेना. उन्हं कलेपर्यंत ती तशीच चिखलात पडून होती. शेवटी शेजारच्या आखाड्यावरून धुरपताबाईनं ते पाहिलं. पण ती स्वतः आली नाही. तिनं आपल्या बैलाला सांगितलं.

हे जरा नीट सांगायला हवं. दोन्ही आखाड्यांच्या मधोमध एक बांध होता. तो तुझ्या नवऱ्यानं कोरला, नाही तुझ्याच नवऱ्यानं कोरला, असं म्हणत दोन्ही घरं एका काळी परभणीच्या कोर्टापर्यंत जाऊन आली. पुढं दोन्ही नवरे गेले, खटला विझला, बांध इतका बारीक झाला की शेळीसुद्धा त्यावर पाय ठेवताना विचार करी. बायांचा अबोला मात्र शाबूत राहिला. नुसता शाबूत नव्हे, चांगला पोसलेला. एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, तोंडाकडं बघायचं नाही. पण शेजार म्हटला की सांगण्यासारखं रोज काहीतरी असतंच. म्हणून काकू जे काय सांगायचं ते चंद्रीला सांगे आणि धुरपताबाई आपल्या सर्जा बैलाला. मोठ्यानं, बांधापलीकडं स्पष्ट ऐकू जाईल असं.

"सर्ज्या, वढ्याकडून डुकरं आली व्हती रं. भुईमूग संभाळावं ज्याचं त्यानं."

"चंद्रे, कुणाच्या तरी मोटरीचं पाणी फुटून आपल्या रानात यायलंय बरं का."

जनावरं बिचारी कान हलवायची आणि निरोप पोचायचा.

तर त्या दिवशी धुरपताबाई सर्जाला म्हणाली, "कुणीतरी पाटात पडलंय वाटतं रं. लिंबाजी काय करायलाय?" लिंबाजी हा तिचा मुलगा. तो गोठ्यातच होता. त्यानं बांध ओलांडून काकूला उचललं, घरात नेऊन निजवलं, वैद्यही आणला.

माणिकरावाला निरोप गेला, पण तो लगेच येऊ शकला नाही. ती वर्षंच तशी होती. विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूनं आज मोर्चा, विरुद्ध उद्या बंद, आणि औरंगाबादहून निघालेली एसटी जिंतूरला थांबेल की जालन्यालाच, याचा नेम नसे. तो पोचला तेव्हा आईचा पाय सुजून खांबासारखा झालेला. मास्तर माणूस, पण पाय बघून छपरीत बसून रडला.

"माय, आता बस्स झालं," तो म्हणाला. "मी तिकडं शाळंत फळ्यापुढं उभा राहतो आन् मला हितलं दिसायलंय. म्हैस लिंबाजीला देऊन टाक आन् चल."

"मी मेले तरी हितनं हलणार न्हाई."

"तेच म्हणतो मी. मरशील आन् कुणाला कळायचं बी न्हाई."

काकू चंद्रीला पाणी पाजायला उठली आणि पाय टेकताच कळवळून खाली बसली. शेवटी करार झाला. काकूला अडचणीत कुणाला तरी बोलावता येईल अशी काही पक्की सोय झाली, तर ठीक. संक्रांतीला माणिकराव येणार. तोवर सोय नीट चालली नाही, तर म्हैस लिंबाजीच्या गोठ्यात आणि काकू औरंगाबादच्या गाडीत.

सोय काय करायची, ते विचारायला माणिकराव माझ्या दुकानात आला. बँकेत रोखपालाच्या टेबलाखाली बटण असतं, दाबलं की बाहेर घंटी वाजते, तसं काही आईसाठी होईल का, म्हणाला. मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे? काकूच्या घरात बटण, धुरपताबाईच्या घरात घंटी, मध्ये वायर. धुरपताबाईच्याच घरात, कारण आसपास वीज फक्त तिच्याकडं होती.

माझ्या डोक्यात वायर होती, बांध नव्हता. वायर न्यायची तर मध्ये खांब लागणार आणि खांब रोवायचा तर बांधावर. मी पहार घेऊन गेलो तेव्हा काकू छपरीतून ओरडली, "माझ्या बांधावर खांब? आधी माझ्या मढ्यावर रोव!" मी वळून पलीकडं पाहिलं तर धुरपताबाई सर्जाला जवळजवळ तेच वाक्य ऐकवत होती. खांबाचा खड्डा कुणाच्या बाजूला किती, यावर कोर्टात नव्या तारखा लागल्या असत्या. माझं डोकं फिरलं. पहार आपटून मी मधोमध उभा राहिलो.

"ठीक हाय! हवेतून नेतो!" मी ओरडलो. "हवेचा सातबारा कुणाच्या नावावर असल तर आत्ताच आणून दाखवा!"

दोघींपैकी कुणालाच सातबारा सापडला नाही. अशा रीतीनं आमच्या शिवारात बिनतारी घंटी आली. शौक म्हणून नव्हे, केवळ भांडणापायी.

सामान हैदराबादहून आणलं. मोटारीची चोरी होऊ नये म्हणून श्रीमंत लोक तेव्हा एक भोंगा बसवू लागले होते, खिशातलं बटण दाबलं की वाजणारा. त्यातलाच संच घेऊन मी तो उलटा वापरला. काकूच्या गळ्यात काडेपेटीएवढी डबी, तिच्यावर लाल बटण. धुरपताबाईच्या भिंतीवर मोठा डबा आणि भोंगा. छपरावर बांबू आणि त्याला वायरीची उंच काडी, म्हणजे डबीची हाक लांबून पकडता यावी. भोंगा एकदा सुरू झाला की कुणीतरी येऊन डब्याचा खटका दाबेपर्यंत थांबत नसे. ही माझी करामत. घंटी वाजली आणि कुणी ऐकलीच नाही, असं होऊ नये म्हणून.

धुरपताबाईनं परवानगी दिली, तीही बैलामार्फत. "वाजू दे रं सर्ज्या. मेली तर खबर तर लागल."

मग आकडा, म्हणजे डबी आणि डब्याची खूण, बसवायचं काम. मी काकूपुढं डबीची मागची झडप सरकवली. आत ओळीनं बारीक खटके, तिळापेक्षा जरा मोठे. कोणता वर, कोणता खाली, हे आपण ठरवायचं.

"हे कशाला?" काकूनं विचारलं.

"ही किल्ली हाय. ह्या डबीत खटके जसे ठेवले, अगदी तसेच तिकडच्या डब्यात ठेवायचे. जुळले तर भोंगा वाजतो. न्हाई जुळले तर जगात कुणी बी बटण दाबू दे, डबा मुका."

काकूनं विचार केला. "आन् खटके कसे ठेवलेत ते तिला कळलं तर?"

"कुणाला?"

"चंद्रे, ह्याला सांग, कुणाला ते."

शेवटी मी शपथेवर कबूल केलं की आकडा कुणाला दिसू देणार नाही. पलीकडं जाऊन डब्यातले खटके लावताना मी दुसऱ्या हातानं ते झाकले. धुरपताबाई पाठ करून उभी होती. "मला कशाला बघायचंय?" ती म्हणाली आणि मान थोडी वळवून बघितलंच. मी हात आणखी आडवा धरला. हैदराबादेत उस्तादानं हे पाहिलं असतं तर मला दुकानातून हाकललं असतं.

वाजवून बघायची वेळ आली तेव्हा काकू बटण दाबेना. "मला काय झालंय? नसतं संकट दारात कशाला बोलवू?" मीच दाबलं. पलीकडं असा भोंगा झाला की लिंबावरचे कावळे उडाले, सर्जानं दावं ताणलं आणि धुरपताबाईच्या हातातली परात पडली. काकूला हसू आवरेना. इतक्या वर्षांत तिनं धुरपताबाईच्या घरात काही पाडलं असं ते पहिलंच.

"बाकी एक सांगते बन्सीधर," हसू ओसरल्यावर ती म्हणाली. "मरायला टेकले तरी हे दाबणार न्हाई. तिच्या दारात हाक मारून जगण्यापरीस पाटात पडलेली बरी."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. एवढी विद्या लावून मी एका बाईच्या गळ्यात नुसता दागिना घातला होता.

पुढं दसरा आला. सोनं द्यायला म्हणून मी आखाड्यावर गेलो. काकूनं आपट्याची पानं घेतली, डोक्यावरून हात फिरवला. पण तिचा गळा मोकळा होता.

"काकू, डबी कुठं हाय?"

"पूजेत हाय की. काल खंडेनवमी न्हवती का?"

पाटावर खुरपं, विळा, कुऱ्हाड आणि वखराची पास ओळीनं मांडलेली. सगळी घासून लखलखीत. शेवटी माझी डबी. तिला हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल. मी आधी नमस्कार केला, कारण अवजारापुढं आमचा हात आपोआप जोडला जातो. मग बटण दाबलं. पलीकडं चिडीचूप.

झडप सरकवली तर आत राख.

"काकू! पोटातून बी धुतली?"

"मग? भांडं नुसतं वरून घासतेत का?"

"अहो, हे भांडं न्हाई!"

"अवजार हाय का न्हाई?"

"हाय."

"मग खंडेनवमीला अवजार न धुता पूजू? आन् राखेबिगर मळ निघतोय का?"

मी पेट्रोलच्या बोळ्यानं आतली राख काढली, डबी उन्हात वाळवली, सेल बदलला. तरी भोंगा वाजेना. मग लक्ष गेलं की आतले खटके सगळे वर होते.

"हे कुणी केलं?"

"मीच की," काकू अभिमानानं म्हणाली. "एक वर, एक खाली, लय वाकडंतिकडं दिसायलं. काडीनं सगळे एका ओळीत केले. नीटनेटकं नको का?"

मी दोन्ही हातांनी डोकं धरून बसलो. तेव्हा मला हसू आलं नाही, आता येतं. पण त्या बसण्यातच एक गोष्ट डोक्यात आली. डबी बंद पडली तरी कुणाला कळत नव्हतं. संकटाच्या दिवशी कळून काय उपयोग? म्हणून मी खटके पुन्हा लावले आणि नियम घातला. रोज दिवेलागणीला काकूनं बटण एकदा दाबायचं. पलीकडून भोंगा बंद करायचा आणि दारातला दिवा एकदा विझवून पुन्हा लावायचा. म्हणजे इकडं कळेल की पोचलं.

"हे संकट न्हाई, काकू. दिवा लागल्याची वर्दी समजा."

दिव्याचं नाव घेतल्यावर ती तयार झाली. पलीकडं धुरपताबाई सर्जापाशी करवादली. "ऐक रं, ह्या वयात आता मला बत्त्या लावायला ठेवलंय." पण दिवा तिनंच लावला. लिंबाजी सांगत होता, पुढं ती खटका दुसऱ्या कुणाला दाबूच देत नसे.

असे दिवस गेले. रोज संध्याकाळी भोंगा व्हायचा, दिवा मिचकायचा आणि दोघी आपापल्या कामाला लागायच्या. बोलणं एका शब्दाचं नाही. एकदा मी सेल तपासायला गेलो होतो आणि संध्याकाळी वीज गेली. काकूनं बटण दाबलं, भोंगा गप्प. दिवा येईना. काकू छपरीत येऊन उभी राहिली. थोड्या वेळानं पलीकडून कंदील हलत हलत निघाला आणि बांधापाशी येऊन थांबला. काकूनं आपली चिमणी उचलून दाखवली. कंदील जरा वेळ तसाच थांबला, मग माघारी गेला.

"चंद्रे," काकू हळूच म्हणाली, "लोकं उगी तेल जाळतेत बघ." पण दार लावायला तिनं त्या दिवशी उशीर केला. दुसऱ्याच दिवशी मी धुरपताबाईच्या डब्याला बॅटरी जोडून दिली.

संक्रांत तोंडावर आली. काकूनं या दिवसांत संकटाची घंटी एकदाही वाजवली नव्हती. मी म्हटलं, बरंच आहे. पण माणिकराव म्हणेल, वाजवलीच नाही तर चालते कशावरून? आणि त्याचं चूक नव्हतं. मला मात्र काकू औरंगाबादच्या गॅलरीत बसलेली डोळ्यांपुढं येई.

पुढचं मी स्वतः पाहिलं नाही. पण दोघींनी ते मला इतक्या वेळा आणि इतकं भांडत सांगितलंय की मी तिथं होतो असंच आता वाटतं.

भोगीच्या आधीची दुपार. लिंबाजी बायकोला घेऊन परभणीच्या बाजाराला गेलेला. धुरपताबाई घरात तीळ निवडत होती. तिच्या घरामागं कडब्याची गंज, वर्षभराची वैरण, आणि गंजीच्या कडेला सर्जा बांधलेला. गंजीवरून मोटरीच्या वायरी जात होत्या. वारा सुटला, वायरी एकमेकींवर घासल्या आणि ठिणगी पडली. घरात बसलेल्या धुरपताबाईला ते दिसणं शक्य नव्हतं. काकूला छपरीतून दिसलं, कारण ती रोज दुपारी तिकडंच बघत बसायची. का, ते तिला विचारायची सोय नव्हती.

काकू उठून ओरडायला गेली. धूर नुसता पाहूनच तिचा दमा उसळला आणि आवाज फुटेना. मग तिनं गळ्यातलं बटण दाबलं. मरायला टेकले तरी दाबणार नाही म्हणालेली बाई, बोट दुखेपर्यंत ते दाबत राहिली.

भोंगा झाला. दिवेलागणीची वेळ नव्हती. धुरपताबाईच्या मांडीवरचं तिळाचं सूप पालथं झालं. तिनं खटका दाबला नाही, वहाणा घातल्या नाहीत, पाण्याचा तांब्या तेवढा उचलला आणि धावत सुटली. बांधापाशी येऊन बघते तर काकू समोर धडधाकट उभी.

"उभी हाईस की तू!" धुरपताबाई कडाडली. "मला वाटलं मेलीस! जीव गेला माझा हितवर येता येता!"

अबोला सुटला तो असा, शिवीच्या बेतानं. काकूनं हात लांबवला. तिला एवढंच म्हणता आलं, "माझं न्हाई... तुझं! मागं बघ!"

धुरपताबाई वळली. गंजीच्या शेंड्यावर जाळ दिसत होता.

ती माघारी धावली. आणि तिच्या मागं, विळा घेऊन, दम लागलेली, एक पाय ओढत कस्तुराकाकू बांध ओलांडून पलीकडं गेली. त्या जमिनीवर तिनं पाय ठेवला नव्हता त्याला किती काळ झाला, कुणाला ठाऊक. धुरपताबाई पेटत्या पेंढ्या ओढून दूर फेकू लागली. सर्जा दाव्याला हिसके देत होता. काकूनं विळ्यानं दावं कापलं आणि तो शेपूट उंचावून थेट काकूच्या आखाड्याकडं पळाला, चंद्रीपाशी.

भोंगा अजून चालूच होता. तो बंद करायला कुणी नव्हतंच. त्या आवाजानं शिवारातली माणसं जमली. कापूस वेचणाऱ्या बाया आल्या, विहिरीची मोटर सुरू झाली, घागरी आल्या. निम्म्याहून जास्त गंज वाचली. लोक सांगतात, आग विझल्यावर दोघी बांधाला टेकून बसल्या होत्या. काकूला श्वास घेता येत नव्हता आणि धुरपताबाई तिची पाठ चोळत तिला शिव्या देत होती. "येवढा दमा आन् विळा घेऊन पळायलीस! अक्कल हाय का तुला?" तो तांब्या तिथंच होता. त्यातलंच पाणी तिनं काकूला पाजलं.

संक्रांतीला माणिकराव आला. त्याला सगळं आधीच कळलं होतं, पण त्यानं त्याचा अर्थ वेगळाच लावला.

"बघितलंत?" तो मला म्हणाला. "ह्या वयात, दमा असताना, आगीत! आता तर मी एक दिवस ठेवणार न्हाई." आईपायी वाटणारं भय काय असतं, ते ज्याची आई लांब आहे त्यालाच कळतं.

काकूनं करार केला होता आणि घंटी तिच्यासाठी वाजलीच नव्हती. पेटी काढून ती लुगड्यांच्या घड्या करू लागली. ते बघणं मला सोसेना, म्हणून मी अंगणात आलो.

तेवढ्यात धुरपताबाई बांध ओलांडून आली. हातात तिळगुळाची वाटी, मागं सर्जा. ती अंगणात थांबली आणि सवयीनं बैलाकडं तोंड करून म्हणाली, "सर्ज्या, ह्या मास्तरला इचार. मायला नेलं तर माझ्या घरामागं कोण बघल?"

माणिकराव गोंधळून बैलाकडं बघू लागला. मग धुरपताबाईनं मान वळवली आणि सरळ त्याच्याशी बोलली.

"बाबा, तू म्हणतूस तिला कुणी बघाया पाहिजे. मी बघते, रोज बघते. आता तुझ्यापासून काय लपवू? पण मला कोण बघतंय? लिंबाजी बाजारात असतूय, सून रानात. माझ्या घरामागं जाळ लागला तो हिला दिसला. ही गेली तर त्या बाजूला डोळाच न्हाई राहत. न्यायचंच असल तर आमा दोघीला ने."

आत काकूच्या हातातली घडी तशीच राहिली होती. माणिकराव आत गेला, आईच्या हातातून लुगडं घेतलं आणि पेटीत ठेवून झाकण लावलं.

"राहा," तो म्हणाला. "पण डबी गळ्यातून काढायची न्हाई. आंघोळीला बी न्हाई."

"आन् खंडेनवमीला?" काकूनं विचारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती.

धुरपताबाईनं वाटी पुढं केली. "घे तिळगूळ. गोड बोलायचं का कसं ते मागून बघू. आधी बोलू तरी." मग ती माझ्याकडं वळली. "आन् तू, हवेवाल्या! मला बी एक डबी आण. हिच्या घरात वाजल अशी."

मी दुसरा संच आणला. काकूकडं वीज नव्हती, म्हणून तिचा भोंगा ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर बसवला. मग खटके लावायला बसलो, तेव्हा दोघी दोन्ही बाजूंनी वाकून बघत होत्या.

"आता दोन आकडे," मी समजावलं. "काकूच्या डबीचा एक, धुरपताबाईच्या डबीचा वेगळा. म्हंजी हिनं दाबलं की तिकडं वाजंल आन् तिनं दाबलं की हिकडं."

"एकच ठेवला तर?" काकूनं विचारलं.

"मग कुणी बी दाबू दे, दोन्ही घरात एकदम वाजंल. आन् काय झालंय ते कुणाला झालंय, हे कसं कळायचं?"

"कळायला कशाला पाहिजे?" काकू म्हणाली. "भोंगा झाला की दोघी बी बांधावर यायचं. जी आली न्हाई, तिच्याकडं दुसरीनं जायचं."

धुरपताबाईनं मान डोलावली, जणू ही गोष्ट सांगण्यासारखीसुद्धा नव्हती. उस्तादानं मला पुष्कळ शिकवलं होतं, पण हे नव्हतं. मी चारही ठिकाणचे खटके एकसारखे लावले. या वेळी हातानं झाकले नाहीत.

दिवेलागणीला काकूनं बटण दाबलं. दोन्ही आखाड्यांवर एकदम भोंगा झाला, कावळे उडाले, चंद्री आणि सर्जा दोघांनी माना वर केल्या. दोघींनी आपापला खटका दाबला आणि दोघी बांधावर आल्या. तिथं उभं राहायला जागा पुरत नव्हती, म्हणून एकमेकींचा दंड धरून उभ्या राहिल्या.